‘टक्’ असा आवाज आला होता का?

गुडघा दुखावला की सगळं जग डॉक्टर होतं. खरं निदान मात्र एका साध्या प्रश्नापासून सुरू होतं.

गुडघा सुजला की काय होतं, माहितीये? आजूबाजूचे सगळे लोक एका रात्रीत ऑर्थोपेडिक सर्जन होतात. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, मामेबहिणीच्या सासूबाई, ज्या मासिकासाठी लिहितो तिथला डिझायनर... प्रत्येकाकडे एक निदान तयार असतं आणि त्याच्या जोडीला एक तेलही.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या डाव्या गुडघ्याबद्दल मला मिळालेली निदानं सांगते. ‘शीर चढलीये.’ ‘वाटी सरकलीये.’ ‘लचक भरलीये, दोन दिवसांत उतरेल.’ ‘गुडघ्यात पाणी झालंय.’ आणि माझं सर्वांत आवडतं, मामाचं: ‘एसीत बसून बसून वंगण संपतं गं तुमच्या पिढीचं.’ मी अठ्ठावीस वर्षांची आहे. वंगण संपायला मी काय जुनी लॅम्ब्रेटा आहे?

गंमत बाजूला ठेवू. तुमच्यापैकी निम्मे लोक आठवडाभर खुर्चीत बसतात आणि रविवारी टर्फवर, कोर्टवर किंवा सिंहगडावर स्वतःला झोकून देतात. तेव्हा आज ना उद्या हा विषय तुमच्या किंवा तुमच्या क्युबिकलमधल्या कुणाच्या तरी पायाशी येणारच आहे. म्हणून हा खटाटोप.

त्या रविवारी

आमचा रविवार संध्याकाळचा बॅडमिंटनचा ग्रुप आहे. डबल्स चालू होतं. शटल डाव्या कोपऱ्यात मागे गेलं, मी मागे सरकत उडी मारून डोक्यावरून फटका मारला आणि डाव्या पायावर उतरले. पाय जमिनीवर रोवला गेला, अंग मात्र पुढे वळलं होतं. गुडघा आत झुकला आणि ‘टक्’ असा आवाज आला. फटाक्यासारखा मोठा नाही, ओली फांदी मोडल्यासारखा. नेटपलीकडच्या मैत्रिणीलाही तो ऐकू गेला.

साडेसात वाजले होते. साडेनऊपर्यंत गुडघ्याचं पपनस झालं होतं. आई फोनवर म्हणाली, ‘आंबेहळद लाव आणि शेक दे. उद्या हाडवैद्याकडे जाऊ, ते बसवून देतील.’ रूममेटनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. ‘काकू, आत्ता शेक नको, चोळायचं तर अजिबात नाही,’ असं सांगून तिनं टॉवेलात बर्फ गुंडाळला आणि पायाखाली दोन उशा सरकवल्या.

रात्रभर मी छताकडे बघत हिशेब करत होते. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते. लेख लिहिला तर पैसे, नाही लिहिला तर नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. स्कूटरवर सिग्नलला टेकवायचा तो नेमका डावा पाय. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जूनमध्ये मला वारी चालायची होती. आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. रोजचा एक रिपोर्ट. इतकं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते अक्षरशः पायांवर उभं होतं.

पॅकेज तयार आहे, गुडघा कुठेय?

सोमवारी एका चकाचक क्लिनिकमध्ये गेले. नाव सांगत नाही. रिसेप्शनवर फॉर्म, मग दहा मिनिटं वेटिंग, मग चार मिनिटं डॉक्टर. त्यांनी टेबलापलीकडून गुडघ्याकडे पाहिलं, ‘खेळताना झालं ना?’ असं विचारलं आणि एमआरआयची चिठ्ठी लिहिली. बाहेर येईपर्यंत काउंटरवरच्या मुलीनं ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’चं पॅकेज छापून हातात ठेवलं. सेमी-प्रायव्हेट रूम, दोन रात्री, इम्प्लांट धरून. आकडा माझ्या चार महिन्यांच्या कमाईइतका होता.

गुडघ्याला अजून कुणी हातही लावला नव्हता. काय मोडलंय, काय फाटलंय, काही फाटलंय तरी की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशनची तारीख मात्र शनिवारची होती.

पत्रकाराला एक सवय असते. एकाच सोर्सवर बातमी लावायची नाही. मंगळवारी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

आधी गोष्ट, मग मशीन

हे डॉक्टर साठीच्या आसपासचे. जुनी इमारत, लाकडी बाक, भिंतीवर हाडांचा पिवळा पडलेला तक्ता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, ‘सांग बघू. अगदी त्या सेकंदाला काय चाललं होतं?’

त्यानंतर पंधरा मिनिटं माझाच इंटरव्ह्यू झाला, आणि खरं सांगते, इतका चांगला इंटरव्ह्यू मी स्वतः क्वचितच घेते.

पाय जमिनीवर होता की हवेत? कुणाची धडक बसली? ‘टक्’ असा आवाज आला होता का? त्यानंतर खेळता आलं का? सूज किती वेळानं आली? गुडघा अडकतो का, म्हणजे सरळच होत नाही असं? चालताना दगा देतो का? वाटी बाजूला गेल्यासारखी दिसली का? याआधी कधी? ताप?

प्रत्येक प्रश्नामागे एक फंडा होता, तो त्यांनी मला नंतर उलगडून सांगितला.

गुडघ्यात तीन हाडं भेटतात: मांडीचं, नडगीचं आणि पुढची वाटी. त्यांना बांधून ठेवणाऱ्या मुख्य दोऱ्या म्हणजे लिगामेंट चार. दोन बाजूंना आणि दोन आत, एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या. मधे धक्के झेलायला दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस. कुठली वस्तू तुटली हे बऱ्याचदा ती कशी तुटली यावरून कळतं.

धडक न बसता, उडी मारून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना ‘टक्’ झालं तर पहिला संशय आतल्या पुढच्या लिगामेंटवर, म्हणजे एसीएलवर. ही दुखापत बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच होते. बॅडमिंटनमध्ये तर मधे जाळीच असते, समोरचा तुम्हाला आपटणार कसा? तरीही रिओची सुवर्णविजेती कॅरोलिना मारिन आठवा. जानेवारी २०१९ मध्ये जकार्तात सायना नेहवालविरुद्धच्या फायनलमध्ये तिचा उजवा गुडघा गेला. २०२१ मध्ये डावा गेला आणि टोकियो ऑलिम्पिक हुकलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या सेमीफायनलमध्ये ती पुढे असताना पुन्हा उजवा. एकाही वेळी तिला कुणी धडकलं नव्हतं.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. सूज दोन-तीन तासांत टम्म आली तर आत बहुधा रक्त साचलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूहळू आली तर सांध्यानं स्वतः सोडलेलं पाणी असण्याची शक्यता जास्त, आणि मग संशय गादीवर जातो. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ हे एकच वाक्य आपण दोन्हीसाठी वापरतो. साडेसात आणि साडेनऊ या दोन वेळांनी माझं निम्मं निदान करून टाकलं होतं.

तुपाचे थेंब

मग हाडांची पाळी. गुडघा दुखावलेल्या प्रत्येकाला एक्स-रे लागतोच असं नाही. कॅनडातल्या ओटावामधल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात यासाठी साधे नियम तयार केले. वय पंचावन्न किंवा त्याहून जास्त असेल, फक्त वाटीवरच दाबल्यावर दुखत असेल, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूचं हाड दुखत असेल, गुडघा नव्वद अंशांत वाकत नसेल, किंवा लागल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही मोजतात. मी चार पावलं टाकली, पण गुडघा नव्वद अंशांत काही वाकेना. मग एक्स-रे.

तो बघताना डॉक्टर नडगीच्या बाहेरच्या काठावर एक बारीक कपची शोधत होते. पॅरिसचे सर्जन पॉल सेगाँ यांनी १८७९ मध्ये तिचं वर्णन केलं होतं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या सोळा वर्षं आधी! ती कपची दिसली की एसीएल फाटलेलं असण्याची शक्यता फार मोठी असते. माझ्या फोटोत ती नव्हती. फ्रॅक्चरही नव्हतं.

गुडघा इतका ताणला होता की त्यांनी सुईनं आतलं द्रव काढलं. सिरिंज लालभडक भरली. ती उजेडाकडे धरून ते म्हणाले, ‘बघ, वर तुपासारखे थेंब तरंगत नाहीयेत. तरंगले असते तर आत हाड तडकलंय असं समजायचं, मज्जेतली चरबी बाहेर येते ती.’ त्या क्षणानंतर आमच्याकडे वरणभातावरचं तूप मी वेगळ्या नजरेनं बघते, ते सोडा. पण रक्त बाहेर आल्यावर गुडघा जो हलका झाला, त्याला तोड नाही.

मग हात. आधी चांगला गुडघा, मग दुखरा. गुडघा वीस-तीस अंश वाकवून एका हातानं मांडी धरायची आणि दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. याला लॅचमन टेस्ट म्हणतात. फिलाडेल्फियाच्या टेम्पल युनिव्हर्सिटीतले जॉन लॅचमन ही शिकवत, आणि १९७६ मध्ये जोसेफ टॉर्ग यांनी ती लिहून जगापुढे मांडली. उजव्या पायाची नडगी जरा पुढे आली आणि दोरी ताणली जावी तशी गपकन थांबली. डावी पुढे आली... आणि येतच राहिली. न दुखता. ‘हं,’ ते म्हणाले.

त्या ‘हं’मध्ये माझा जून महिना बुडाला असं मला वाटलं.

एमआरआयची चिठ्ठी त्यांनी यानंतर लिहिली. म्हणजे मशीनला काय विचारायचं ते ठरल्यावर.

रिपोर्ट म्हणजे मी नव्हे

रिपोर्ट आला. एसीएल पूर्ण फाटलेलं. हाडांना आतून मुका मार. आणि एक ओळ अशी की आतल्या गादीत ‘ग्रेड २ सिग्नल’. ती वाचून मी रात्री अकरा वाजता इंटरनेटवर बसले आणि एकपर्यंत स्वतःला कायमची लंगडी ठरवून टाकलं.

सकाळी डॉक्टर म्हणाले, ‘ग्रेड २ म्हणजे गादीच्या पोटातला एक पट्टा. तो पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही, त्याला फाटणं म्हणत नाहीत. तुझा गुडघा अडकत नाही, त्या रेषेवर दाबलं तर दुखत नाही. ती ओळ विसर.’ एमआरआयला सगळं दिसतं, आणि तीच त्याची अडचण आहे. अमेरिकेत पन्नास ते नव्वद वयाच्या लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघेदुखी झालेलीच नव्हती. फोटोत दिसणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे दुखण्याचं कारण नव्हे. म्हणून आधी गोष्ट, मग हात, मग मशीन.

आमचा गुडघा ग्रुप

फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण एकाच वेळेला असतो. प्रत्येकाचा गुडघा वेगळ्या वाटेनं इथे आलाय, आणि ऐकताना मला त्या पंधरा मिनिटांच्या प्रश्नांचं महत्त्व पुन्हा पुन्हा कळतं.

एक डिलिव्हरीवाला मुलगा. बाइक घसरली आणि वाकलेला गुडघा थेट डांबरावर आपटला. नडगी मागे ढकलली गेली आणि आतलं मागचं लिगामेंट, पीसीएल, फाटलं. याला डॅशबोर्ड इंज्युरी म्हणतात, कारण कारच्या अपघातात गुडघा डॅशबोर्डवर असाच आपटतो.

एक अकरावीतली मुलगी. गॅदरिंगच्या डान्समध्ये गिरकी घेताना तिची वाटी खरोखरच बाहेर सरकली आणि पाय सरळ केल्यावर आपोआप जागेवर आली. तेव्हा ‘वाटी सरकलीये’ म्हणणारे प्रत्येक वेळी चुकतात असं नाही. फक्त माझी सरकली नव्हती.

एक बँकेतले काका. सत्यनारायणाला तासभर मांडी घालून बसले, उठताना वळले आणि ‘कट्’. सूज दुसऱ्या दिवशी. गुडघा शेवटच्या काही अंशांत सरळच होईना. गादीचा तुकडा मधे अडकलेला. त्यांचं ऑपरेशन लवकर करावं लागलं, आणि ते योग्यच होतं.

आणि एक हिंजवडीचा आयटीवाला. फुटबॉलमध्ये बाहेरच्या बाजूनं कुणीतरी धडकलं, आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं. आत सूज फारशी नाही. पट्टा, व्यायाम, आणि तो आमच्यातला सगळ्यात आधी बरा होऊन जाणारा. आम्ही चौघं त्याचा मनापासून द्वेष करतो.

पाच गुडघे, पाच कारणं. घरून निघताना आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं ते मात्र एकच: लचक भरलीये.

मग ऑपरेशन?

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला. डॉक्टरांनी उलट विचारलं, ‘तुला गुडघ्याकडून काय हवंय?’

फाटलेलं एसीएल म्हणजे ऑपरेशन, असं आपल्याला वाटतं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, ॲक्टिव्ह रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं. बाकीच्यांना आधी व्यायाम, गरज पडली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सरासरीनं सारखेच चालत होते. व्यायामवाल्या ५९ पैकी २३ जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, बाकीच्यांना ते लागलं नव्हतं. पाच वर्षांनी हा आकडा निम्म्यावर गेला. म्हणजे ऑपरेशन वाईट असं मुळीच नाही. गुडघा पुन्हा पुन्हा दगा देत असेल तर ते करावंच, नाहीतर गाद्या फाटत जातात. वळणं-उड्या असलेला खेळ जोरात खेळायचा असेल तरीही बरेच जण ते करतात. पण माझ्यासारखीला विचार करायला वेळ आहे. येत्या शनिवारीच काही करायचं नसतं.

‘मला जूनमध्ये वारी चालायचीये,’ मी म्हणाले.

ते हसले. ‘एसीएलचं काम नडगीला पुढे घसरू न देणं आणि भलतीकडे फिरू न देणं. सरळ चालायला मांडीचे स्नायू सांभाळून घेतात, ते तयार कर. दिवे घाट चढशील, उतरताना काठी घे. पण फुगडी नाही. फुगडी म्हणजे रोवलेल्या पायावर गिरकी. त्यासाठीच ते लिगामेंट असतं.’

मराठीत एसीएल समजावण्याची याहून सोपी पद्धत मला अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी टेपनं मोजलं तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक झाली होती. इतक्या थोड्या दिवसांत! आता अकरावा आठवडा आहे आणि फरक एक सेंटिमीटरवर आलाय. तीन मजले न थांबता चढते. स्कूटर सुरू झालीये. एकदाच, भाजी घेऊन झटकन मागे वळताना, गुडघा हलकासा सटकला. ते मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय, कारण असं किती वेळा होतं यावर पुढचा निर्णय अवलंबून आहे. पावसाळ्यानंतर कदाचित ऑपरेशन होईल, कदाचित नाही. ते पॅकेज अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वारीच्या मुक्कामांची यादी केलीये.

थांबू नका!

गुडघ्याला मार लागल्यावर पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडलं, किंवा गुडघा दिसायलाच वाकडा झाला, तर थेट इमर्जन्सी गाठा. रक्तवाहिनीला इजा असू शकते, तिथे तास मोजावे लागतात.

मार लागलेला नसताना गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पाय सरळ ठेवून उचलताच येत नसेल तर वाटीच्या वरचा किंवा खालचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. गुडघा अडकून सरळच होत नसेल तरीही वाट पाहू नका.

बाकी वेळी बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पाय उंच, आणि पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, चोळणं नाही. आणि एक कागद घ्या. किती वाजता लागलं, पाय कसा होता, आवाज आला का, सूज किती वाजता दिसली, हे चारच मुद्दे लिहा. डॉक्टरांनी विचारलं तर सांगा. नाही विचारलं तरी सांगा.